जुन्या स्पोर्ट्‌स कारचे स्पीकर आणि वायरिंग बदलण्याआधी

माझ्या दोन सीटच्या जुन्या गाडीचं दार पहिल्यांदा उकललं, तेव्हा आतलं पॅड बाजूला केल्यावर स्पीकरच्या कडेला नुसतं बोट लागलं आणि ती कडा करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी गळून पडली. कागदाचा कोन शाबूत होता, चुंबक शाबूत होतं. पण कोनाला फ्रेमशी धरून ठेवणारी फोमची गोल पट्टी संपली होती. गाडीचं वय विसाच्या पुढे. नागपूरचे वीस उन्हाळे, त्यातले कितीतरी दिवस ४५ अंशांचे, आणि प्रत्येक उन्हाळ्यामागे दमट पावसाळा. त्या पट्टीने खूप सोसलं होतं.

तेव्हापासून या गाडीचं बरंचसं काम मी स्वतः करतो. जे येत नव्हतं ते घाट रोडच्या बाजूला काम करणाऱ्या एका वायरिंगवाल्या काकाजींकडून शिकलो. जुनी गाडी बाळगणारे मित्र भेटले की पहिला प्रश्न एकच असतो, "कोणते स्पीकर घेऊ?" मी त्यांना सांगतो, आधी दार उघडून बघ, मग वायर बघ, स्पीकरचं नंतर ठरव. असं का, ते इथे जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगतो.

स्पीकर म्हणजे हवा ढकलणारा पंप. चुंबकाच्या फटीत तारेची एक गुंडाळी असते, तिला कोन चिकटवलेला असतो. गुंडाळीतून वीज एका दिशेने गेली की कोन पुढे येतो, उलट दिशेने गेली की मागे जातो. हे सेकंदाला शंभर वेळा झालं तर तबल्याच्या डग्ग्यासारखा खर्ज ऐकू येतो, पाच हजार वेळा झालं तर झांजेची किणकिण. कोन पुढची हवा दाबतो त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे पुढून एक आवाज निघतो आणि मागून त्याच्या बरोबर उलटा. हे दोन्ही एकमेकांना भेटले की एकमेकांना खाऊन टाकतात. बारीक आवाजांना त्याचा फारसा त्रास नसतो. खर्जाची लाट मात्र लांब असते, १०० हर्ट्‌झची (सेकंदाला शंभर वेळा हलणारी) लाट जवळजवळ साडेतीन मीटर, आणि ती सहज वळसा घालून पुढे येते.

हे घरीच करून बघता येतं. सुटा स्पीकर हातात धरून गाणं लावा. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा चिरका येईल. आता पुठ्ठ्याच्या खोक्याला स्पीकरच्या मापाचं भोक पाडा आणि तोच स्पीकर तिथे घट्ट दाबून धरा. डग्गा परत येतो. स्पीकर तोच, वीज तेवढीच. खोक्याने पुढची आणि मागची हवा वेगळी केली, एवढंच.

गाडीत ते खोकं म्हणजे दार. जुन्या गाडीच्या दारात आतल्या पत्र्याला हात जाईल एवढाली भोकं असतात, काचेची मशीन आणि लॉकच्या कामासाठी ठेवलेली. त्यांच्यावर कंपनीने प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. वीस वर्षांत कुणीतरी लॉक दुरुस्त करताना तो फाडतो आणि परत लावायचा कंटाळा करतो. माझ्या गाडीत तो कागद दाराच्या तळाशी गोळा होऊन पडला होता. अशा दारात कितीही महागाचा स्पीकर बसवा, त्याची निम्मी मेहनत त्याच भोकांतून वाया जाते. काकाजींचं म्हणणं असं, "पाहा भाऊ, स्पीकरचा दोष नाही. दार खुल्लं आहे, हवा निघून राहिली."

म्हणून पैसे मोजकेच असतील तर आधी ते दारावर लावा. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटाइल रबरची डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर शोषणारी) लावायची. पूर्ण पत्रा मढवायची गरज नसते, स्पीकरच्या मागचा आणि मधला मोठा सपाट भाग पुरतो. मग आतल्या पत्र्याची भोकं बंद करायची. दुकानात स्वस्तात डांबराची शीटही मिळते. थंड प्रदेशात चालत असेल, आपल्याकडे ती घेऊ नका. मे महिन्यात ती मऊ पडून पत्र्यावरून खाली सरकते आणि गाडीभर डांबराचा वास येतो. शीट लावताना पत्रा थिनरने पुसून कोरडा करा, नाहीतर धुळीवर लावलेली शीट धुळीसकट निघून येईल.

एक गोष्ट मात्र कधीही बंद करायची नाही. दाराच्या अगदी खालच्या कडेला बारीक फटी असतात, त्या पाणी जाण्यासाठी. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात येणारच, सगळ्या गाड्यांमध्ये येतं, आणि त्या फटींतून निघून जातं. त्या बुजल्या की दार आतून कुजतं. प्लॅस्टिकचा कागदही यासाठीच असतो, पाणी काचेच्या बाजूला राहावं आणि पॅड कोरडं राहावं म्हणून. फाटला असेल तर जाड पॉलिथिन कापून ब्युटाइलच्या पट्टीने नवा लावा. काम पाऊण तासाचं आहे.

आता स्पीकरचं माप. खोक्यावर लिहिलेले इंच बघून घेऊ नका, कारण खरी अडचण खोलीची असते. स्पोर्ट्‌स कारचं दार लांब असतं पण पातळ असतं, आणि काच खाली आली की ती स्पीकरच्या चुंबकाच्या अगदी पाठीमागून जाते. चुंबक पाच मिलिमीटरने जरी जास्त बाहेर आलं तरी काच अर्ध्यावर अडकते. मोजायची सोपी युक्ती सांगतो. नवा स्पीकर जागेवर धरायचा, चुंबकाच्या पाठीला कणकेचा छोटा गोळा चिकटवायचा आणि काच सावकाश पूर्ण खाली करायची. गोळा किती दबला त्यावरून जागा किती उरली ते कळतं. कमी पडली तर स्पीकरखाली रिंग घालून तो थोडा आत, बसणाऱ्याच्या बाजूला घेता येतो. ती रिंग साध्या एमडीएफची नको, दारातल्या ओलीने ती बिस्किटासारखी फुगते. प्लॅस्टिकची जाड शीट किंवा चांगलं वॉटरप्रूफ प्लाय कापून घ्या.

वॅटबद्दल थोडक्यात, कारण इथे बऱ्याच जणांची फसगत होते. स्टीरिओवर लिहिलेलं असतं ५० वॅट गुणिले ४. स्टीरिओत व्होल्टेज वाढवणारा वेगळा सर्किट नसेल तर तो तेवढा स्वच्छ आवाजात देऊच शकत नाही, आणि हे साध्या गणिताने कळतं. गाडी चालू असताना विजेचा दाब साधारण १४.४ व्होल्ट. त्यातून निघणाऱ्या लाटेचा परिणामी दाब १४.४ भागिले १.४१, म्हणजे १०.२ व्होल्ट. स्पीकरचा रोध ४ ओहम. १०.२ चा वर्ग भागिले ४, उत्तर २६ वॅट. ही झाली कागदावरची कमाल. आतल्या आयसीचं (आवाज वाढवणाऱ्या चिपचं) नुकसान वजा केलं की हातात विसेक वॅट येतात. म्हणून वेगळा अॅम्प (आवाजाची ताकद वाढवणारा डबा) लावायचा नसेल तर "३०० वॅट"चा स्पीकर घेण्यात अर्थ नाही. खोक्यावर सेन्सिटिव्हिटी म्हणून, म्हणजे ठरावीक विजेत स्पीकर किती मोठा वाजतो त्याचा, डेसिबलचा आकडा असतो, तो बघा. तीन डेसिबल जास्त म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मी वीज लागते. ८९ ऐवजी ९२ चा स्पीकर घेणं म्हणजे स्टीरिओची ताकद दुप्पट केल्यासारखं आहे. आणि तो आकडा १ वॅटला मोजलाय की २.८३ व्होल्टला, तेही बघा. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट, त्यामुळे तोच स्पीकर कागदावर ३ डेसिबलने मोठा दिसतो.

वायर

इथे मी जरा थांबणार आहे, कारण स्पीकर चुकला तर आवाज खराब होतो, वायर चुकली तर गाडी जळू शकते.

पहिला प्रश्न असा की जुनी वायर बदलल्याने आवाज सुधारतो का? हिशेब करू. कंपनीची स्पीकरची वायर बहुतेकदा अर्धा चौरस मिलिमीटरची असते. स्टीरिओपासून दारापर्यंत तीन मीटर धरले तर जाऊन-येऊन सहा मीटर. तेवढ्या तांब्याचा रोध ०.२ ओहम. त्यामुळे चार ओहमच्या स्पीकरला साधारण दहा टक्के वीज कमी पोचते, म्हणजे अर्ध्या डेसिबलपेक्षाही कमी. कानाला तो फरक कळत नाही. दीड चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर नुकसान तीन टक्क्यांवर येतं. बोटाएवढ्या जाड, सोनेरी कपलर (जोडायचा प्लग) असलेल्या वायरीसाठी कुणी हजारो रुपये मागत असेल तर ते पैसे डॅम्पिंग शीटवर घाला.

तरीही मी माझ्या गाडीची वायर बदलली, आणि जुन्या गाडीची बहुतेकदा बदलावीच लागते. कारण वय. प्लॅस्टिकचं वेष्टण उन्हाने कडक होतं आणि वाकवलं की तडकतं. गाडी आठवड्यातून एकदाच निघत असेल तर उंदीरही तिचा ताबा घेतात. आणि सगळ्यात नाजूक जागा म्हणजे दार आणि बॉडीच्या मधला, वायरी झाकणारा रबरी बूट. दार दर वेळी उघडताना आतली वायर वाकते. वीस वर्षांत ती आतल्या आत तुटते, वरून मात्र धड दिसते. दार एका विशिष्ट कोनात उघडलं की स्पीकर चालू आणि मिटलं की बंद, असं होत असेल तर दुसरीकडे शोधू नका, तो बूट उकला. मी उकलला तेव्हा आत चार तारांपैकी एक पूर्ण तुटलेली होती आणि दुसरीच्या आतल्या बारीक तारांचे दोन-तीनच केस शिल्लक होते. तांबं हिरवं पडलं होतं.

नवी वायर घेताना घराच्या वायरिंगची शिल्लक वायर वापरायचा मोह होतो. ती साधारण ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेली असते, गाडीसाठीची चांगली वायर १०५ पर्यंत. नागपूरच्या उन्हात डॅशबोर्डच्या खाली हा फरक कामाचा आहे. शिवाय दाराच्या बुटात जाणारी वायर बारीक-बारीक केसांची हवी, जाड केसांची वाकून-वाकून तुटते. आणि तांबं खरंच तांबं आहे का ते बघा. टोक ब्लेडने खरवडायचं. आतून पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. ते विजेला जास्त अडवतं, लवकर तुटतं आणि ओलीत खराब होतं.

जोड मारताना काळी टेप गुंडाळून सोडू नका. एका उन्हाळ्यात तिचा गोंद वितळतो, टेप सुटते आणि खाली चिकट काळी वायर उरते, तिला हात लावायलाही नको वाटतं. वायर योग्य मापाच्या थिंबलमध्ये (टोकाला बसणाऱ्या धातूच्या टोपीत) घालून क्रिंप करायची, म्हणजे पक्कडीने दाबून बसवायची, आणि वरून हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवायची. झाळून जोडलेली वायर वाईट नसते, पण झाळ जिथे संपते तिथे वायर कडक होते आणि हादऱ्याने तिथेच मोडते. दाराच्या बुटाच्या आत कुठलाच जोड नको, झाळलेलाही नको, क्रिंपचाही नको.

आता ज्या चुकीने माझा स्टीरिओ गेला ती सांगतो. आधीच्या मालकाने कुठल्याशा दुकानात नवा स्टीरिओ बसवून घेतला होता. बसवणाऱ्याने दोन्ही स्पीकरचं मायनस एकत्र करून बॉडीला अर्थ केलं होतं. जुन्या काळी हे चालायचं. १९७०-८० च्या दशकातल्या कितीतरी गाड्यांमध्ये स्पीकरचं एक टोक बॉडीलाच असायचं, कारण तेव्हाचे स्टीरिओ तसेच बनत. आजच्या स्टीरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. स्टीरिओ चालू असताना बॉडीच्या तुलनेत दोन्हींवर सहा-सात व्होल्ट असतात आणि आवाज त्या दोघींमधल्या फरकातून तयार होतो. त्यातली एक बॉडीला टेकली की आतल्या आयसीला थेट शॉर्ट मिळतो. चांगला स्टीरिओ स्वतःला बंद करून घेतो. माझा काही महिने मध्येच गप्प व्हायचा, परत चालू व्हायचा, आणि एका दुपारी जळक्या वासासकट कायमचा गेला. म्हणून फार जुन्या गाडीत नवा स्टीरिओ लावताना मल्टिमीटर (वीज मोजायचा मीटर) घ्या, स्पीकर आणि स्टीरिओ दोन्ही काढून ठेवा आणि प्रत्येक स्पीकर-वायर बॉडीशी जोडलेली आहे का ते तपासा. एकही जोडलेली निघाली तर जुन्या वायरिंगचा विचार सोडा आणि प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र दोन वायरी ओढा.

बाजारातल्या स्टीरिओच्या वायरींचे रंग बहुतेक ठरलेले आहेत. पिवळी म्हणजे बॅटरीचा कायमचा प्लस, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, काळी अर्थ, निळी-पांढरी अॅम्पला चालू करणारी. पांढरी जोडी पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी मागच्या उजव्याची, आणि काळी रेघ असलेली ती मायनस. पण हे रंग स्टीरिओचे झाले. गाडीच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) कंपनीने स्वतःचे रंग वापरलेले असतात, त्यामुळे रंग जुळला म्हणून कधीही जोडू नका, मोजून जोडा. आणि कंपनीचा कपलर कापू नका. मधे लावायचा तयार हार्नेस मिळतो. जुन्या गाडीचा कापलेला कपलर पुन्हा मिळत नाही आणि उद्या गाडी मूळ रूपात आणायची झाली तर तिथेच घोडं अडतं. मी जुने स्पीकर आणि जुनी वायर लेबल लावून खोक्यात ठेवलीत.

फायबरग्लास बॉडीच्या गाड्यांना एक जादा पथ्य आहे. गोव्यात बनलेली आपली सॅन स्टॉर्म तशीच. फायबरमधून वीज जात नाही, त्यामुळे "जवळच्या स्क्रूला अर्थ मार" हे तिथे चालत नाही. अर्थची वायर लोखंडी चासीपर्यंत किंवा थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत न्यावी लागते. पत्र्याच्या गाडीतही अर्थ देताना खालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्या, मग थिंबल कसा आणि वरून ग्रीस लावा. रंगावर कसलेला अर्थ अर्धवट लागतो, आणि रेस वाढवली की स्पीकरमधून बारीक शिट्टी ऐकू येते. ती शिट्टी अल्टरनेटरची.

कामाला हात घालण्याआधी बॅटरीचं मायनस काढा, आणि पहिलं मायनसच काढा. प्लस आधी सोडवताना पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते. मायनस आधी निघालेलं असेल तर तो धोका राहत नाही. त्याआधी जुन्या कंपनी स्टीरिओला कोड आहे का ते बघून लिहून ठेवा, काही स्टीरिओ वीज गेली की कोड मागतात. पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा असू शकतो, त्याला हात लावू नका, मीटरही लावू नका.

स्पीकर जोडल्यावर दोन्हींचं प्लस-मायनस एकसारखं आहे ना ते तपासायचं. स्टीरिओचा कपलर काढून ठेवा आणि स्पीकरच्या दोन वायरींना दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा. सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन बाहेर येतो. एक बाहेर आणि दुसरा आत जात असेल तर खर्ज नाहीसा होतो आणि गाणारा समोर न वाटता कुठेतरी विखुरल्यासारखा वाटतो. बरेच लोक याच दोषाला "स्पीकर कमजोर निघाले" म्हणतात.

अॅम्प लावणार असाल तर एकच गोष्ट मनावर घ्या. बॅटरीपासून निघणाऱ्या जाड वायरीला बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज हवा. फ्यूज अॅम्पला वाचवण्यासाठी नसतो, त्या वायरीला वाचवण्यासाठी असतो. वायर जिथे पत्र्यातून आत शिरते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाची धार झाकणारी रिंग) हवाच. कापलेल्या पत्र्याची धार आणि इंजिनाचा हादरा मिळून एक-दोन वर्षांत वेष्टण कापतात, आणि फ्यूज डिकीत अॅम्पजवळ असेल तर मधली सगळी वायर संरक्षणाविना राहते.

कधीतरीच निघणाऱ्या गाडीला आणखी एक धोका असतो. घाईत कुणी पिवळी आणि लाल एकत्र करून कायमच्या प्लसला जोडतो. मग चावी काढली तरी स्टीरिओ आतून जागाच राहतो. समजा तो पाव ॲम्पिअर घेतो. दिवसाला ६ ॲम्पिअर-तास झाले. ३५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी सहाव्या दिवशी संपली. रविवारी सकाळी फुटाळा तलावावर जायला निघावं आणि गाडीने नुसतं टिक-टिक करावं, याचं कारण पुष्कळदा हेच असतं. सगळं बंद करून, दारं लावून, मल्टिमीटर बॅटरीच्या मायनसमध्ये मालिकेत (बॅटरी आणि तिथून काढलेल्या वायरीच्या मधे) जोडून बघा. ५० मिलिॲम्पिअरच्या आत असेल तर ठीक.

सेटिंग करताना रस्ता लक्षात घ्या. आपल्याकडे शहरातले बरेच रस्ते सिमेंटचे झालेत. त्यांच्यावर टायरचा आवाज डांबरी रस्त्यापेक्षा मोठा येतो, आणि स्पोर्ट्‌स कार जमिनीला टेकलेली, टायर रुंद, त्यामुळे तो थेट आत येतो. छप्पर उघडलं तर वाराही त्यात मिसळतो. हा सगळा गोंगाट खर्ज गिळतो. आपण आवाज वाढवतो, छोटा स्पीकर धडपडतो आणि फाटतो. स्टीरिओत एचपीएफ नावाचं सेटिंग असतं, ते ८० हर्ट्‌झवर ठेवा. त्याखालचा खर्ज दारातल्या स्पीकरला जातच नाही, आणि उरलेलं तो मोकळेपणाने वाजवतो. खोल खर्ज हवाच असेल तर सीटमागे बसणारा छोटा सबवूफर वेगळा लावा. मी लावला नाही. काटोल रोडला छप्पर उघडून जाताना मला शब्द नीट ऐकू आले तरी पुरे असतं.

सगळं झाल्यावर दाराचं पॅड बसवताना जुन्या क्लिपा तुटतात, त्या आधीच डझनभर आणून ठेवा. आणि पहिला पावसाळा गेला की ऑक्टोबरात ते पॅड एकदा परत काढा. मी काढलं तेव्हा पॉलिथिन कोरडं होतं, शीट जागेवर होती, खालच्या फटी मोकळ्या होत्या. स्पीकरच्या चार स्क्रूंपैकी दोघांना तेवढा गंज धरला होता. ते बदलून स्टेनलेसचे लावले आणि दार बंद केलं.